घोडीवर बसून भाषण करू नये : पिंपळनेरच्या काळ्या भिंतींची सफर

‘ज्वालामुखीतून अश्वारोहण! थरार अनुभवा!’ ही जाहिरात मोबाइलवर आली तेव्हा मी मेहरूण तलावाच्या काठावर सकाळचं चालणं उरकत होतो. चित्रात लालभडक लाव्हा, त्यावरून उधळलेला पांढरा घोडा आणि घोड्यावर परदेशी चेहऱ्याचा एक गृहस्थ. खाली पत्ता : पिंपळनेरजवळ, तालुका साक्री, जिल्हा धुळे. शेजारच्या जिल्ह्यात ज्वालामुखी जागा होतो आणि आम्हा जळगावकरांना उकाड्यात काहीच फरक जाणवत नाही, हे मात्र पटण्यासारखं होतं.

खानदेशातला लाव्हा थंड होऊन सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली. जाहिरातवाल्यापर्यंत बातमी पोचायची होती, एवढंच. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, “सुनंदा, ही लोकांची दिशाभूल आहे. जाऊन समाचार घेतला पाहिजे.”

“तुम्हाला घोड्यावर बसायचंय असं सरळ म्हणा ना,” सुनंदा म्हणाली आणि डब्यात भाकरी बांधायला लागली. मी गावोगाव व्याख्यानं देतो आणि लोक ऐकतात. घरात मात्र मला प्रास्ताविकाच्या पुढे कधी जाऊ देत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी माहिती : जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे, मग कुसुंबा, नेर, साक्री आणि तिथून डावीकडे पिंपळनेर. पहाटे निघा. चौपदरी रस्त्यामुळे धुळ्याला चटकन पोचता आणि वाचलेला वेळ धुळ्यातून बाहेर पडण्यात खर्च करता. नेरच्या पुढे चहाला थांबा. चहा गोड असतो. ‘साखर कमी’ म्हटलं तर टपरीवाला तुमच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहतो आणि तेवढीच साखर घालतो. जाड पँट घाला. मी इस्त्रीची घातली होती. घोडीला इस्त्री कळत नाही.

साक्री सोडली की त्या दिसायला लागतात. काळ्या दगडाच्या भिंती, माळावरून सरळ रेषेत गेलेल्या. टेकडी आडवी आली तर टेकडीवर चढतात, पलीकडे उतरतात आणि पुढे चालू लागतात. वाकण्याचं नाव नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणा राजाने तटबंदी सुरू केली आणि ठेकेदार पळाला.

‘अश्वारोहण केंद्र’ म्हणजे एक पत्र्याची शेड, एक बाभूळ आणि सहा घोड्या निघाल्या. शेडचे मालक हिलाल आबा. साठीपुढचे, पांढरी टोपी, त्याहून पांढरी मिशी. त्यांचा पुतण्या वाल्मीक हा गाइड. ऐन तिशीतला, गळ्यात शिटी, डोक्यावर ज्वालामुखीचं चित्र असलेली टोपी. जाहिरात त्याच्या मित्राने केली होती. “लाव्हा फुकट टाकी दिधा त्यानी,” वाल्मीक कौतुकाने म्हणाला.

घोड्या सगळ्या वरातीच्या. लग्नाची तारीख असली की नवरदेव, नसली की पर्यटक. पंचक्रोशीतले निम्मे संसार याच पाठींवरून सुरू झाले आहेत, तेव्हा काय ते त्या घोड्यांना माहीत. आमच्याबरोबर पुण्याचं एक तरुण जोडपं होतं. दोघांनी हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना गाद्या असा जामानिमा आणला होता. लाव्हा आलाच तर ते वाचले असते.

दोन तासांची सफर आणि जेवण मिळून माणशी बाराशे रुपये. पैसे घेऊन आबांनी मला बुटापासून केसांपर्यंत मापलं. “भाऊ, तुमले कोनती घोडी देऊ? वजन जरा जास्त शे.”

“विचारांचं आहे,” सुनंदा म्हणाली.

“चांदणी द्या ना आबा,” वाल्मीक घाईने म्हणाला. “दणकट शे ती.”

आबांची मिशी हलायची थांबली. “चांदणी? देख वाल्मीक, पुढला महिनामा सारंगखेडानी यात्रा शे, घोडास्ना बजार. आज जर तिनी आखो कोनले पाडं, ते मी तिले तठे इकी टाकसू. मंग रडू नको.”

चांदणी शेडच्या टोकाला एकटी उभी होती. पांढरी शुभ्र, कान आत वळलेले, डोळे काळेभोर. खोगीर चढवता चढवता वाल्मीकने हकिकत सांगितली. ती शिंगरू असतानाच तिची आई मेली. त्याने बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं. कितीतरी वराती तिने बिनतक्रार केल्या. मग गेल्या उन्हाळ्यात नरडाण्याच्या एका लग्नात, डीजे चालू असताना, तिने नवरदेवाला उडवलं. नवरदेव गटारात, फेटा गटाराबाहेर. तेव्हापासून तिला कोणी बोलावत नाही.

“फुकटना चारा खास, असं आबा म्हनतस,” वाल्मीक तिच्या मानेवर हात फिरवत म्हणाला. “तुम्ही नीट बठा भाऊ. बठ्ठं तुमना हातमा शे.”

डीजे! माझ्या अंगात वीज संचारली. डीजेच्या भिंतींविरुद्ध मी कित्येक वर्षं गावोगाव बोलतो आहे, बहुतेक वेळा डीजेवाल्याकडूनच भाड्याने आणलेल्या कर्ण्यावरून. ही मुकी घोडी म्हणजे माझ्या चळवळीची पहिली कृतिशील कार्यकर्ती होती. मी वाल्मीकच्या खांद्यावर हात ठेवला. “काळजी करू नकोस. मी तिच्या बाजूचा आहे.”

बाभळीखालच्या ओट्यावरून, दोघांच्या मदतीने आणि तिसऱ्याच्या हसण्यात, मी चांदणीवर बसलो. वाल्मीक पुढे, पुण्याचं जोडपं मधे, मग सुनंदा एका म्हाताऱ्या तांबड्या घोडीवर, मग मी. आणि माझ्या मागे खुद्द आबा, चांदणीवर नजर ठेवून.

पहिल्या अर्ध्या तासासाठी तरी खरोखर जाण्यासारखं आहे. घोडीच्या पाठीवरून माळ वेगळाच दिसतो. कापलेल्या बाजरीचे सड, मधेच तुरीची पिवळी फुलं, दूर धुरकट डोंगर. आणि मग भिंत जवळ येते. दोन माणसं उंच, बैलगाडीएवढी रुंद, आणि दगड असे आडवे रचलेले की वाटावं कोणी पावसाळ्यासाठी लाकडांची थप्पी रचून ठेवली आहे. एकेक दगड पाच-सहा बाजूंचा, कोरल्यासारखा. कोणी कोरलेला नाही. जमिनीला तडा गेला, खालून लाव्हा त्यात वर आला, तिथेच गोठला आणि गोठताना असा तडकला. भोवतालचा मऊ खडक पावसांनी झिजवून नेला. उरली ती भिंत. जमिनीची जखम झिजायला हवी होती, ती उभी राहिली आणि जमीनच झिजली.

हे मी तुम्हाला लिहून सांगतो आहे. तिथे मात्र वाल्मीक घोडी थांबवून वेगळंच सांगत होता. “हा ज्वालामुखी जिवंत आहे. सध्या झोपलेला आहे. रात्री कान लावला तर घोरणं ऐकू येतं.”

“क्रेटर कुठंय?” पुण्याच्या तरुणाने विचारलं.

“पलीकडल्या गावात,” वाल्मीक म्हणाला. “पण आज तिथं बाजार आहे.”

माणसाच्या सहनशक्तीला सीमा असते. माझी तर बऱ्यापैकी अलीकडे आहे. मी रिकिबीत पाय रोवले, छाती भरून घेतली आणि म्हणालो, “मित्रांनो!”

चांदणीचे कान उभे राहिले.

“मित्रांनो, आपण आज ज्या ऐतिहासिक भिंतीसमोर उभे आहोत…”

चांदणीने डावा पाय उचलला. मग उजवा. मग डावा. ती नाचत होती! तालात, डौलात, मान वाकवून. मला वाटलं, अखेर एक रसिक श्रोता मिळाला. खडकावरून मी काळावर गेलो, काळावरून माणसाच्या क्षुद्रतेवर, आणि तिथून डीजेवर यायला मला वेळ लागत नाही.

“भाऊ, हळू!” वाल्मीक ओरडला.

“हळू? का म्हणून हळू? या मुक्या जिवाच्या कानांत ज्यांनी हा धिंगाणा ओतला, त्यांना मी भर चौकात विचारतो…”

प्रश्न विचारायचा राहिला. चांदणी मागच्या पायांवर उभी राहिली आणि मी तिच्या पाठीवरून, शेपटीवरून, क्रमाक्रमाने साडेसहा कोटी वर्षं जुन्या जमिनीवर आलो. खाली नाल्याची वाळू होती म्हणून हा लेख लिहू शकतो आहे.

पुण्याच्या तरुणीने “ओ माय गॉड” म्हटलं आणि व्हिडिओ सुरू ठेवला. आबा खाली उतरले. मला हात देऊन उभं केलं, हाडं चाचपली. मग वाल्मीककडे न बघता म्हणाले, “संपनं. सारंगखेडा.”

वाल्मीकने चांदणीचा लगाम धरला आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

“आबा!” मी गर्जलो. “तिची काहीएक चूक नाही!”

चांदणी परत मागच्या पायांवर.

“अहो, हळू बोला!” सुनंदा म्हणाली. “तुमच्या आवाजानंच करतेय ती.”

मी आयुष्यात प्रथमच वाक्य अर्ध्यावर सोडलं. नाल्यात शांतता पसरली, तशी चांदणीही शांत झाली. वाल्मीक मात्र माझ्याकडे टक लावून बघत होता.

“आबा,” तो सावकाश म्हणाला, “डीजे ते तिनी कितला लगीनमा ऐका व्हता. त्या दिन तो माइकवाला नव्हता का? ‘बंधू आणि भगिनींनो, वरपक्षाला विनंती’ करी राहिनता. तो माइक लीसन तिना कानजोडे वना. तवयच तिनी पाडं.”

आता आमच्याकडच्या वरातीचा रिवाज सांगायला हवा. माइकवाला पाहुण्यांची नावं पुकारायला लागला की घोडीने थांबायचं आणि नाचायचं, हे तिला लहानपणापासून शिकवतात. आवाज चढत गेला की तिनेही चढत जायचं. आमचे माइकवाले पट्टीचे वक्ते असतात आणि आम्ही वक्ते, आता कळलं, पट्टीचे माइकवाले असतो. एवढी वर्षं मी ज्या गोंगाटाविरुद्ध बोलत होतो, तो किती डेसिबलचा हे मोजायला एक घोडी लागली.

“मी चाळीस वर्षं ऐकतेय,” सुनंदा तांबड्या घोडीवरून म्हणाली. “मी कुणाला पाडलं नाही, हे लक्षात ठेवा.”

आबा हसले नाहीत. मी त्यांच्याजवळ गेलो आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, “मला परत तिच्यावर बसवा. भिंतीच्या टोकापर्यंत मी बोलणार नाही. पाडलं तर तुम्ही म्हणाल ते.”

“पडनात ते?”

“तर मी पडेन. पण आधी बघा तरी.”

आबांनी बराच वेळ मिशी ओढली. “बठा,” म्हणाले. “मी लगाम धरीसन संगे चालसू.”

पुढची सफर मी मूक केली. वाल्मीकने सांगितलं की ही भिंत पांडवांनी एका रात्रीत बांधली. मी गप्प. पुण्याचा तरुण म्हणाला की दगड बहुधा उल्केचे असावेत. मी खोगिराची मूठ दोन्ही हातांनी दाबली आणि गप्प राहिलो. कंबर ठणकत होती, पण घशात अडकलेलं बोलणं जास्त दुखत होतं.

भिंत संपते तिथे पाड्याकडे जाणारा कच्चा रस्ता आहे. आम्ही त्या रस्त्याला लागलो आणि समोरून भंगारवाल्याचा टेम्पो आला. टपावर कर्णा : “भंगाऽऽर! जुनी सायकल, फुटकी बादली, प्लास्टिकची खुर्चीऽऽ!”

चांदणी थबकली. पाठीचे स्नायू माझ्या मांड्यांखाली दगडासारखे झाले. डावा पाय उचलला. उजवा उचलला. आबांनी लगाम आखडला. टेम्पो जवळ येत होता आणि रस्ता एकच होता.

मी तिच्या मानेवर वाकलो. दुसरं काही सुचेना, म्हणून अडलेलं भाषणच तिच्या कानात सांगायला लागलो, झोपणाऱ्या मुलाला सांगावं तसं. ‘मित्रांनो’ गाळलं. बाई गं, ही भिंत उल्केची नाही, पांडवांचीही नाही. जमीन फाटली होती. आतून फार तापलेलं वर आलं. मग ते हळूहळू निवलं. खूप हळूहळू निवलं. घाईने काही झालं नाही…

तिचा एक कान टेम्पोकडे होता. तो माझ्याकडे वळला. उचललेला पाय तिने खाली ठेवला. टेम्पो ‘फुटकी बादलीऽऽ’ करत आमच्या बाजूने गेला आणि ती चालू लागली.

शेडवर जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, रश्शात सोडलेल्या डुबुकवड्या आणि ठेचा होता. एकट्या ठेच्यासाठीही जावं. जाहिरातीतला लाव्हा तिथे भेटतो. मी उभ्यानेच जेवलो, कारण उघड आहे. आबांनी एक भाकरी संपवली, दुसरी मोडली. शेवटी वाल्मीकला म्हणाले, “आवंदा राहू दे तिले. पन एक ध्यानमा ठेव. बोलनारास्ले दुसरी घोडी दे.”

वाल्मीक पाणी आणायला म्हणून उठला आणि तांब्या तिथेच विसरून शेडमागे गेला.

परतताना धुळ्याच्या बाहेर शेवभाजी खाल्ली, रात्री मेहरूणला पोचलो. कंबर पुढे बरेच दिवस दुखली. जाहिरातीचा समाचार घ्यायचा राहिला. उलट, जा, असंच सांगतो आहे. लाव्हा नाही, क्रेटर नाही, गाइड सांगतो त्यातलं फारसं खरं नाही. भिंत खरी आहे आणि घोडी खरी आहे. डीजेविरुद्ध मी अजून बोलतो, फक्त माइक हातभर लांब ठेवतो. मागच्या रांगेतले ‘ऐकू येत नाही’ म्हणतात. पुढे येऊन बसा म्हणतो. येतात, हे नवलच.

सारंगखेड्याची यात्रा उलटली त्या आठवड्यात वाल्मीकचा फोन आला. यात्रेत आबांनी दोन शिंगरं विकली होती. मी न राहवून नेहमीच्या आवाजात विचारलं, “आणि चांदणी?”

पलीकडून टापा आपटल्याचा आवाज आला. डावा, उजवा, डावा.

“हळू बोला ना भाऊ,” वाल्मीक म्हणाला. “फोन स्पीकरवर शे.”