दोनशे दोन खोकी

त्याला सगळे साडेचार म्हणायचे. खरं नाव माझ्या वहीत रोज दोनदा लिहिलं जायचं, पण वहीतल्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. गोदामाच्या गेटवर बसून मी बावीस वर्षं गाड्यांचे नंबर आणि माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. एवढी वर्षं गेटवर काढली की माणसाला सगळ्यांचं सगळं कळतं. न कळलेलं मी विचारून घ्यायचो.

आमच्याकडे अर्धवेळ माणसं साडेचार तासांची असायची. चार नाही, पाच नाही, साडेचार. सलग पाच तास भरले की कंपनीला जेवणाची सुट्टी द्यावी लागते, बसायला खुर्ची द्यावी लागते, डबा गरम करायची सोय करावी लागते. साडेचारला यातलं काहीच लागू होत नाही. हा अर्धा तास ज्याने शोधला त्याला मी भेटलेलो नाही, पण माणूस हुशार असणार. सकाळी सात ते साडेअकरा एक पाळी, दुपारी अडीच ते सात दुसरी. ज्यांना दोन्ही पाळ्या मिळायच्या त्यांनी मधले तीन तास काय करायचं, याचा विचार करणं कंपनीच्या कामात बसत नव्हतं. माणसांची व्हॅन सकाळी आणून सोडायची ती संध्याकाळीच न्यायला यायची. कॅन्टीनचा दरवाजा काचेचा, कार्ड लावून उघडणारा. कायम माणसाने कार्ड लावलं की हिरवा दिवा, अर्धवेळवाल्याने लावलं की लाल. कायम माणसं आत, काचेकडे तोंड करून जेवायची.

तर सगळेच साडेचार तासांचे. मग नाव ह्यालाच का? कारण पहिल्या दिवशी गेटवर मी विचारलं, "कोण तुम्ही?" आणि हा छाती काढून म्हणाला, "मी साडेचारचा." झालं. पॅकिंगमधली मावशी मागेच उभी होती. तिची जीभ तिच्या हातातल्या कटरसारखी. ती म्हणाली, "लग्नसुद्धा साडेचार तासांचंच केलंस का रे?" तेव्हापासून नऊ वर्षं तेच नाव. ते त्याच्या घरी कसं पोचलं याची एकदा चौकशीही झाली. आमचा दोघांचा न्हावी एकच होता, एवढंच मी सांगेन. मग घरी त्याची मेहुणी वाढताना विचारायला लागली, "भाऊजी, पोटभर जेवणार की साडेचार घास?" बायको हसायची नाही, पण मेहुणीला गप्पही करायची नाही.

तसा माणूस कामाला चोख. यादीतला माल रॅकवरून काढून आणायचा, चुका शून्य. आणि त्याच्या हातून एक गोष्ट अशी झाली होती की तिचं कौतुक आम्ही चारचौघांत करू शकत नव्हतो.

गोष्ट अशी. नवव्या ओळीत कमोडच्या झाकणांची खोकी होती. कुठल्याशा जुन्या मापाची झाकणं, त्या मापाचं बूड आता कोणाचं उरलं नसावं, कारण वर्षानुवर्षं त्यातलं एक खोकं हललं नाही. लांबीला आठ, खोलीला सहा, उंचीला पाच, अशी दोनशे चाळीस खोकी जमिनीवरच रचलेली, मागे भिंत आणि मध्ये एक माणूस आडवा सरकेल एवढी फट. साडेचारने दुसऱ्या वर्षी त्या ढिगाऱ्याच्या पोटातली छत्तीस खोकी काढली. वर प्लायवूड टाकलं, प्लायवूडवर पुन्हा खोकी. मागच्या बाजूला खालची दोन खोकी रिकामी करून त्यांचं दार केलं. निघालेला अडतीस खोक्यांचा माल शेवटच्या भिंतीला, मोडक्या फोर्कलिफ्टच्या मागे, ताडपत्रीखाली. चोरी नाही, फक्त स्थलांतर. आत दोन माणसं ऐसपैस आणि तिसरा सोसून घेऊन बसेल अशी खोली झाली. तिला आम्ही बंगला म्हणायचो.

बंगल्यात मावशी पाय पसरायची, साडेचार डबा खायचा. मीही दुपारी तासभर जायचो. मी कायम होतो, मला कॅन्टीन होतं. पण कॅन्टीनमध्ये डोळा लागत नाही.

दर वर्षी मालाची मोजणी व्हायची. मोजणारा कोणीही असो, समोरून बघायचा, आठ गुणिले सहा गुणिले पाच करायचा, दोनशे चाळीस लिहायचा आणि पुढे सरकायचा. सात वर्षं कोणाला काही कळलं नाही.

मग स्टोअरमधला म्हातारा कारकून निवृत्त झाला आणि एक कायम जागा रिकामी झाली. मॅनेजरने सगळ्या अर्धवेळवाल्यांना गोळा केलं. "जागा एक आहे. या वेळची मोजणी तुम्ही करायची. कागदावर फक्त ओळीचा नंबर असेल, कॉम्प्युटर काय म्हणतो ते तुम्हाला दिसणार नाही. तुमच्यामागून बाहेरच्या कंपनीचा तपासणीवाला तीच ओळ मोजेल. ज्याचे सगळेच्या सगळे आकडे त्याच्याशी जुळतील तो कायम. आणि आत्तापासून मोजणी संपेपर्यंत मालाला कोणी हात लावायचा नाही."

साडेचारच्या घरी त्याच संध्याकाळी ही बातमी पोचली, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत तो कायम झालासुद्धा. त्याची बायको त्या बाबतीत उतावळीच. तिने बहिणीला सांगितलं, "आता काय बोलायचं ते जपून बोल. कायम माणूस आहे घरात." नवऱ्याचे दोन शर्ट इस्त्रीला दिले. नऊ वर्षं लोकांच्या घरी कोणी नवऱ्याचं काम विचारलं की ती पाणी प्यायला उठून जायची, हे मेहुणीनेच नंतर मला सांगितलं. आता तिला उठायचं नव्हतं.

ओळींच्या चिठ्ठ्या काढल्या. नववी ओळ आली नेमकी साडेचारला.

मधल्या तीन तासांत बंगल्यात बैठक बसली. मावशी म्हणाली, "आठ, सहा, पाच. दोनशे चाळीस लिही आणि बाहेर पड. डोकं चालवू नकोस."

"आणि तपासणीवाल्याने खरंच मोजलं तर?"

"खरंच कोण मोजतं रे? सगळं जग गुणाकार करतं."

"मॅनेजर म्हणाला, तो एकेक खोक्याला हात लावून मोजतो. बाहेरचा माणूस आहे मावशी, त्याला आपल्याबद्दल काय माया? त्याला दोनशे दोन सापडले आणि मी दोनशे चाळीस लिहिलेले असले, तर मी गेलो."

"आणि तू दोनशे दोन लिहिलेस आणि त्याने गुणाकार केला तर?"

मी म्हणालो, "हे बघ, तू चाळीस लिही. बंगला तुझा एकट्याचा नाही."

"लिहितो," तो म्हणाला. मावशीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्याच्या डब्यातला शेवटचा घास उचलून खाल्ला. शिक्का मारल्यासारखा.

मोजणी झाली. मावशीने तिच्या ओळी अशा मोजल्या की चालता चालताच तिचा कागद भरला. साडेचार संध्याकाळपर्यंत वाकून, गुडघ्यांवर बसून, प्रत्येक खोक्याला बोट लावत होता. त्याने नव्या पेनाने आकडे लिहिले. तपासणीवाला पांढरे बूट घालून आला होता. त्याने कुठेच गुडघा टेकला नाही हे मी गेटवरूनही सांगू शकलो असतो, बूट संध्याकाळीही पांढरेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने आकडे जुळवले. साडेचारच्या अकरा ओळी. दहा जुळल्या. नववीला त्याचे दोनशे दोन, तपासणीवाल्याचे दोनशे चाळीस.

"एवढी एकच ओळ कशी चुकली रे?" मॅनेजर म्हणाला. आवाज चांगला होता त्याचा. "बाकी काम सुंदर आहे."

आम्ही सगळे तिथेच उभे होतो. मावशी मागून पुटपुटली, "म्हण, चुकलो म्हण." चुकलो म्हटलं असतं तर कायम झाला नसता, पण साडेचार तास शाबूत राहिले असते. बंगलाही राहिला असता.

"चुकलो नाही साहेब," साडेचार म्हणाला. "दोनशे दोनच आहेत."

"मी स्वतः मोजलेत," तपासणीवाला म्हणाला.

"चला, दाखवतो."

सगळी वरात नवव्या ओळीकडे. साडेचार मागच्या फटीत शिरला आणि न बघता, आपल्या घराची कडी काढावी तशी, खालची दोन खोकी बाहेर ओढली. रांगत आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "या साहेब. मोजा."

मॅनेजरला आत शिरायला वेळ लागला, पोट होतं. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात स्पंजची गादी होती आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र, शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. तपासणीवाल्याने तेवढ्यात आपल्या कागदावरचे दोनशे चाळीस खोडून दोनशे दोन केले होते.

"आकडा तुझा बरोबर आहे," मॅनेजर म्हणाला. साडेचारचा चेहरा असा उजळला की बघवेना. "आता सांग, आतून पोकळ आहे हे तुला कसं माहीत?"

हा प्रश्न त्याच्या हिशेबातच नव्हता. दोन रात्री हा माणूस फक्त आकड्याचा विचार करत होता.

"अजून कोण बसतं इथे?"

साडेचारने आमच्याकडे बघितलं. मावशी म्हणाली, "बाई गं, मी तर आजच बघतेय." फोर्कलिफ्टवाला म्हणाला, त्याला वरचं बघायची सवय, खालचं दिसत नाही. मॅनेजरने वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. "शब्दकोडं कोणाचं?"

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

साडेचार माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझंच आहे."

"चौथा आडवा चुकलाय तुझा," मॅनेजर म्हणाला.

त्याच दिवशी त्याच्याकडून अडतीस खोक्यांचा माल परत आणून बंगला बुजवून घेतला. मदतीला कोणी जायचं नाही असा हुकूम होता, आणि नसता तरी कोणी गेलं नसतं. माणसं रागावली होती. दुसऱ्या दिवसापासून मधले तीन तास कुंपणाच्या भिंतीला टेकून उन्हात काढायचे होते. त्याच्या चपला कोणीतरी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. अनवाणी येऊन त्याने माझ्या टेबलावर कार्ड ठेवलं.

"दोनशे दोन बरोबर होते ना?" त्याने मला विचारलं.

"बरोबर होते," मी म्हणालो आणि वहीत वेळ लिहिली.

मावशीचे सगळे आकडे तपासणीवाल्याशी जुळले होते. दोघांनी एकच गुणाकार केला होता. ती कायम झाली. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये काचेकडे तोंड करून बसली आणि भिंतीला टेकलेल्या तिच्याच जुन्या सोबत्यांना बघत सावकाश जेवली. मी समोरच बसलो होतो. ती म्हणाली, "खुर्चीला पाठ असली की घास चांगला उतरतो हो."

साडेचार मात्र रोज येत राहिला. व्हॅनवाल्याच्या यादीतून त्याचं नाव काढायला कोणाला सवड झाली नव्हती, म्हणून तो बसायचा, इथे उतरायचा आणि रस्त्यापलीकडे उभ्या ट्रकांच्या आड एका दगडावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचा. इस्त्रीचा शर्ट घालून. घरी त्याने सांगितलं होतं की कायम झालो. मला मजा वाटायची. मी येणाऱ्या ड्रायव्हरांना तो दगड दाखवायचो, "आमचे नवे साहेब बसलेत."

सहाव्या दिवशी दुपारी त्याची बायको गेटवर आली. हातात गरम डबा, फडक्यात बांधलेला. चालत आली असावी, चेहरा लाल झाला होता. म्हणाली, "ह्यांना बोलवता का जरा? आता जेवणाची सुट्टी असते ना त्यांना. म्हटलं, आज गरम न्यावं."

मला काहीबाही सांगता आलं असतं. आत मीटिंग आहे म्हणता आलं असतं. मी बोट दाखवलं.

ती बोटाच्या दिशेने बघत राहिली. मग रस्ता ओलांडून गेली. तो उठायला लागला तर तिने खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. ती हळू बोलत होती, पण रस्ता अरुंद होता आणि माझे कान चांगले होते.

"सुट्टी किती वेळ असते?" तिने विचारलं.

"अर्धा तास," तो म्हणाला.

तिने डबा सोडून त्याच्यापुढे ठेवला. तो खाली मान घालून जेवला. ती उभीच होती. बरोबर अर्धा तास झाला तसा तिने डबा उचलला, फडकं बांधलं आणि सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

"इथे बायकांना घेतात का?" तिने विचारलं. "साडेचार तासांना?"

"घेतात," मी म्हणालो. "एक जागा रिकामी आहे." आणि तिचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं.