सुरुंगकाका आणि डोंगरातलं गाव

सुरुंगकाकांशी वाद घालण्याआधी माणसं टेबलावरचे कप बाजूला सरकवत. लुडविग्सहाफेनमधल्या आम्हा मराठी मंडळींनी हे नाव त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं. निवृत्त केमिस्ट, चाळीस वर्षं जर्मनीत, बायको इंग्रिडकाकू इथल्याच. एका गणपतीत "तुम्ही काय, आता जर्मनच" असं म्हणणाऱ्या पाहुण्याला त्यांनी कॉलर धरून भिंतीवर आपटलं. नंतर आपणहून सगळ्यांना सांगितलं, "त्याची काही चूक नव्हती. माझं डोकं फिरलं."

त्यांच्या हॉलमध्ये जुन्या बाजारातून आणलेलं एकोणिसाव्या शतकातलं एक चित्र होतं. डोंगरातलं गाव, खाली कालवा, काठाने धूर सोडत जाणारी आगगाडी आणि पुढे छत्री घेतलेली बाई. कुणी "सुंदर" म्हणालं की काका उसळायचे.

"हा डोंगर काय गाडीला वाट द्यायला आपणहून सरकला? सुरुंगाने फोडलाय. माणसांच्या चिंधड्या उडाल्या असतील. चित्रकाराने छत्री काढली, प्रेत एकही नाही. लबाड."

"मग भिंतीवर कशाला ठेवलंय?" मी एकदा विचारलं.

"रोज भांडायला."

दोन हजार चार-पाचची गोष्ट. चित्राची काच बदलून आम्ही दोघं परतत होतो. स्टेशनच्या भुयारी वाटेत दोन प्यालेल्या तरुणांनी अडवलं. "आउसलेंडर राउस," परदेशी लोकहो, चालते व्हा. एकाने चित्रावर लाथ घातली, दुसऱ्याने माझं डोकं भिंतीवर आदळलं. मी पडलो, तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा. काकांनी फुटलेली काच उचलली आणि मला मारणाऱ्याच्या दंडात खुपसली. त्याचा सोबती पळाला. हा गुडघ्यावर बसून "बिटं, बिटं" करत विनवू लागला. काकांनी काच उपसली आणि पुन्हा खुपसली. मी त्यांचा पाय धरला तेव्हा ते थांबले.

काकांवर खटला झाला. त्यांच्या वकिलाने पढवल्याप्रमाणे मी कोर्टात सांगितलं की दोन्ही वार झटापटीत झाले. काका उभे राहिले.

"हा माझ्यावरच्या मायेने खोटं बोलतोय. पहिला वार याला वाचवायला केला. दुसरा त्या पोराला मारून टाकायला. तो विनवत होता आणि मला बरं वाटत होतं."

त्यांना शिक्षा झाली, पण वय बघून ती स्थगित ठेवली.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी माझ्या थोबाडीत मारली, फुटलेल्या दाताच्या बाजूलाच. "माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलू नकोस."

"भर कोर्टात मला खोटारडा ठरवलंत," एवढं म्हणून मी निघालो. पुढे दुसऱ्या शहरात, र्युसेल्सहाइमला नोकरी मिळाली. मी फोन केला नाही, त्यांचाही आला नाही.

पाच महिन्यांनी इंग्रिडकाकूंचा फोन आला. काका झोपेतच गेले होते.

दहनानंतर काकू त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "रविवारी तो बाहेर जात नव्हता. तुझा फोन येईल, म्हणायचा."

"मग त्यांनीच का नाही केला?"

"लाज वाटत होती."

"कोर्टाची?"

"नाइन, कोर्टाची नाही. तुला मारलं, त्याची."

रविवारी मीही घरीच असायचो.