कोणत्या हाताची गिटार

गिटार घ्यायची ठरवल्यावर पहिले पंधरा दिवस मी नुसती मोबाइलमध्ये डोकं घालून बसले आणि होतं नव्हतं ते डोकंही गमावून बसले. एक जण सांगायचा, स्वस्तातली घेऊ नका, सुरात राहत नाही. दुसरा सांगायचा, शिकायला महागडी कशाला? एकाचं म्हणणं, वरची फळी अखंड लाकडाची हवी. दुसऱ्याचं म्हणणं, उन्हाळा कडक असेल तर अखंड लाकूड तडकतं, थर चिकटवलेलं बरं. जालन्याचा उन्हाळा त्या बिचाऱ्याने पाहिलेला नसणार, पण माझा त्याच्यावरच विश्वास बसला. मग तारा. स्टीलच्या घेतल्या तर बोटं सोलतात, नायलॉनच्या घेतल्या तर आवाज मऊ येतो. मऊ म्हणजे चांगला की वाईट, ते कुणी सांगेना. आठ हजारांच्या वर जायचं नाही, एवढं एकच मला पक्कं माहीत होतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वय सेहेचाळीस. हे खूळ डोक्यात शिरलं ते गेल्या स्नेहसंमेलनात. एका पाहुण्या तरुणाने गिटार आणली होती. कार्यक्रम संपल्यावर मी सहज मागून घेतली, मांडीवर ठेवली आणि सगळे हसले. "मॅडम, उलटी धरली!" मी ती सुलटी केली. सुलटी केल्यावर दुसऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखं वाटलं. उलटी होती तेव्हा मात्र, लोक हसायच्या आधीचे चार-पाच क्षण, ती कशी निवांत बसली होती. ते क्षण काही केल्या डोक्यातून जाईनात.

कारण लहानपणी मी डावखुरी होते. वडील साखर कारखान्यात होते, आम्ही अंकुशनगरला राहायचो. ऊस सोलायला, चिंचा पाडायला दगड मारायला माझा डावा हात आधी पुढे यायचा. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण तो जेवायलाही पुढे यायचा आणि तिथे मायचं डोकं फिरायचं. डाव्या हाताने जेवायचं नाही, वाढायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. सांगून ऐकत नाही म्हटल्यावर तिने जुन्या पोलक्याची एक पिशवी शिवली. मी जेवायला बसले की माझं मनगट धरायची, पिशवी डाव्या हातावर चढवायची आणि नाडी आवळायची. पुढे पाटी घेऊन बसतानाही. दोन वर्षांत हात बदलला. आज मी उजव्या हाताने जेवते, लिहिते, आणि फळ्यावर माझ्याइतकं सुबक अक्षर आमच्या शाळेत कुणाचं नाही. मायचा राग आहे का? आहे. थोडा आहे. भाजी मात्र मी अजून डाव्या हातानेच चिरते, आणि माय घरी आली असली की तिच्याकडे पाठ करून चिरते.

आता डावखुऱ्यांची गिटार वेगळी असते, हे मला मोबाइलनेच सांगितलं. उजव्या हाताची माणसं उजव्याने तारा छेडतात आणि डाव्याने दाबतात. डावखुऱ्यांचं सगळं उलट, तारांचा क्रमसुद्धा. एवढं कळलं म्हणून मी खूश होते, तर पुढच्याच माणसाने सांगितलं की डावखुऱ्यांनी उजव्यांचीच घ्यावी, नाहीतरी बोटांचं अवघड काम डाव्याच हाताला असतं. त्यानंतरचा म्हणाला, आपल्या हाताविरुद्ध जाल तर दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाईल. मला कपाटावरची गिटार नको होती. पण माझा हात कोणता, हेच मला सांगता येत नव्हतं. चाळीस वर्षं उजव्याने लिहिणाऱ्या बाईला डावखुरी म्हणायचं का? कुणाला विचारायचं?

गिटार बघायला गेले त्या दिवशी माय माझ्यासोबत होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तपासणीला नवीन जालन्यात जायचं होतं. नंबर दुपारी बारा वाजताचा होता. म्हणून सकाळीच तिला घेऊन मी जुन्या जालन्यात गेले. तिथे एका गल्लीत तबला-ढोलकीचं जुनं दुकान आहे, आत भिंतीला चार-पाच गिटारीही टांगलेल्या असतात. दुकानदार चाचा ढोलकीची दोरी ओढत बसले होते. आमच्याआधी कुणी गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. चप्पल काढता काढता माय माझ्या कानाशी लागली, "बोहनीचा वखत हाय. घ्यायचं नसंल तं हात लावू नको."

"कुणासाठी पाहिजे, बाई?" चाचांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"बहुत अच्छा," असं म्हणून त्यांनी दोन गिटारी खाली काढल्या. मी लाकडाचं, तारांचं जे जे पाठ केलं होतं ते आठवायला लागले. माय पुढे सरकली. माठ घेताना करतात तशी तिने एकीवर बोटाने टिचकी मारली, कान लावला. मग दुसरीवर.

"ही खणखणीत हाय. ही बद्द वाजून राह्यली. फुटकी हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माय, तो काय माठ आहे का?" पण चाचांनी दुसरी गिटार उचलली, आत बॅटरी मारून पाहिली आणि हसायला लागले. "अम्मा बराबर बोलल्या. आतली पट्टी सुटली हिची." पंधरा दिवसांचा माझा अभ्यास तिथेच संपला.

खणखणीत होती ती मी मांडीवर घेतली. आधी सुलटी. मग उलटी. परत सुलटी. उलटी धरली की हात खूश व्हायचा, पण मला चोरी केल्यासारखं वाटायचं. सुलटी धरली की काही चुकत नसायचं आणि काही बरंही वाटत नसायचं.

"बाई, तुम्ही डावऱ्या हाय का?" चाचांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. असलं उत्तर त्यांनी आजवर ऐकलं नसावं. त्यांनी मायकडे पाहिलं. माय गिटारीकडे पाहत होती.

"ह्याच गिटारीला तारा उलट्या लावून देता येतील का?" मी विचारलं. चाचांनी वरच्या टोकाच्या खाचांवर बोट ठेवलं. "हे बघा. जाड तारेची खाच जाड, बारीक तारेची बारीक. उलटं केलं तं जाड तार बसायची न्हाई अन् बारीक तार फडफड करंल. मी असं काम देत न्हाई. डाव्या हाताची पुण्याहून मागवावी लागंल. साडेसात हजार पडतील, निम्मे आधी. पण वापस बिलकुल घेणार न्हाई. जालन्यात दुसरं कोण घेईल ती?"

म्हणजे धरून न पाहताच घ्यायची. आणि माझा हात डावा नाहीच असं निघालं तर तेवढे पैसे पाण्यात. खणखणीत गिटार समोर होती, स्वस्तही होती, आणि चाळीस वर्षं मला उजव्यानेच सगळं जमलं होतं. काय करावं ते मला खरंच कळेना. मला रडू यायला लागलं. गिटारीच्या दुकानात, सेहेचाळिसाव्या वर्षी.

शेवटी मी ज्या माणसाला कधीच विचारणार नव्हते, त्याच माणसाला विचारलं.

"माय, मी खरंच डावखुरी होते का गं?"

काळ्या चष्म्यातून तिने माझ्याकडे पाहिलं. "होती म्हंजी? हाईसच."

"तूच तर बदललास ना माझा हात!"

"जागेपणीचा बदलला. झोपेत तू आजूनबी डाव्याच हातानं पांघरूण वढती. ऑपरेशनला आल्ते तवा डोळा ठणकायचा, तुझ्याकडंच बघत पडायची मी. अन् भाजी चिरताना पाठ करून हुभी राहती. मला काय दिसत न्हाई व्हय?"

माझा आवाज चढला. "मग तेव्हा कशाला बांधायचीस?" चाचांनी ढोलकीत डोकं घातलं.

"सासरी डाव्या हातानं वाढलं अन् कोनी ताटावरून उठून गेलं असतं तं? तुला कोनी हसलेलं मला सहन झालं नसतं." मग हळूच म्हणाली, "मला तवा दुसरं काई सुचलं न्हाई."

मला राग आला होता आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं. त्यातलं काहीच केलं नाही. "डाव्या हाताची मागवा," मी चाचांना म्हणाले. खात्री होती असं अजिबात नाही. पर्समधून पैसे काढले आणि उजवा हात पुढे केला.

मायने माझं मनगट धरलं. नाडी आवळताना धरायची, तसंच. नोटा काढून घेतल्या आणि माझ्या डाव्या हातात ठेवल्या.

"ह्या हातानं दे."

"अगं, त्यांची बोहनी आहे."

"असू दे."

मी चाचांकडे पाहिलं. डाव्या हाताने पैसे त्यांच्या घरातही कुणी देत नसणार. त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली, माझ्या डाव्या हातातून नोटा घेतल्या, न मोजताच कपाळाला लावल्या आणि गल्ल्यात टाकल्या.