दर खेपेला एकाने उतरणारं दुखणं

...तर सुई डाव्या पायाच्या बोटाला. काल इथवरच आलो होतो ना आपण, सूनबाईनं ताटं वाढली म्हणून हाक मारली तेव्हा? आमचे व्याही श्रीनिवासराव पलंगावर आडवे पडलेले, दुखतोय उजवा खांदा, आणि तो कोरियन डॉक्टर सुई टोचतोय डाव्या पायाच्या करंगळीशेजारी. श्रीनिवासराव छताकडे बघत मला मराठीत म्हणाले, "आबा, या गृहस्थाला उजवं-डावं कळतं ना हो?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? मी गावच्या शाळेतला सातवी पास. इंजिनीअर तुम्ही."

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "कळतं हो काका. यांच्या विद्येत विरुद्ध बाजूलाच टोचतात."

अस्सल आमच्याकडचं मराठी! श्रीनिवासराव तर सुयांसकट उठूनच बसायला लागले. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक बाई बसली होती. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, कपाळावर बारीक टिकली. ही चित्रा हुपरीकर. मी सांगतोय ती गोष्ट हिचीच.

आता आम्ही दोघं व्याही तिथं कसे, ते सांगायला हवं. दोन हजार सहाचा उन्हाळा. माझा मुलगा नरेंद्र आणि श्रीनिवासरावांची मुलगी मीनल अ‍ॅमस्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या भागात राहायचे. त्यांनी दोघांच्याही बापांना एकदमच बोलावून घेतलं. एक कंटाळला तर दुसऱ्यानं सांभाळावा, असा हिशेब असणार. श्रीनिवासरावांचा खांदा पुण्याहूनच धरलेला. इथल्या घरगुती डॉक्टरला, त्याला हे लोक हाउसआर्ट्स म्हणतात, दाखवला. त्यानं पॅरासिटामोल घ्या आणि वाट बघा म्हणून सांगितलं. "वाट बघायला पुणं काय वाईट होतं?" असं म्हणून व्याही रुसले. मग मीनलनं ट्रॅमनं दोन थांब्यांवरच्या या डॉक्टर चुंगांचा पत्ता काढला. आठवड्यातून एकदा सुया, आणि घरी न्यायला काळ्या काढ्याच्या बंद पुड्या. सोबतीला मी असायचोच. मला काय, बसायला जागा आणि बघायला माणसं मिळाली की झालं.

पण चित्राबाईंचं काही मला उमगेना. दर खेपेला सुया काढल्या की ती यायची आणि एकच प्रश्न विचारायची. "शून्य म्हणजे दुखणं अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. काका, आज किती?" व्याही आकडा सांगायचे, ती लिहून घ्यायची. तीच बाई, तोच प्रश्न. आमच्या गावात कोणी दोनदा तेच विचारलं की समजायचं, याच्या पोटात काहीतरी आहे. मी बाकावर बसून व्याह्यांच्या कानात म्हटलं, "ही इथल्या नगरपालिकेची माणूस दिसते. म्हातारे फार दुखणेकरी निघाले तर परत पाठवायचे असतील."

व्याही म्हणाले, "छे! औषध कंपनीची हेर आहे. मी असले लोक पाहिलेत."

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? पुढच्या खेपेला सरळ विचारलं, "बाई, तुम्ही नक्की कोणाकडून?"

ती खळखळून हसली. "आबा, मी कुणाकडूनच नाही. तीच तर अडचण आहे माझी."

मग कळलं. ती हुपरीची, चांदीच्या पैंजणांच्या गावची. सांगलीला आयुर्वेद शिकली, तिथंच दवाखान्यात बसत होती. नवरा राजन संगणकातला, त्याच्याबरोबर इकडे आली. इथं तिच्या पदवीला कोणी विचारीना. लोकांच्या नाडीवरची बोटं सायकलच्या ब्रेकवर आली, असं ती म्हणायची. एक दिवस डॉक्टर चुंगांची पाटी दिसली आणि ही आत शिरली. डॉक्टरांना आपल्या उपचारांची चिकित्सा करून निबंध छापायचा होता. कोणत्या रोग्याला काय दिलं, कसा गुण आला, अशी एकेक हकीकत. त्यासाठी रोग्यांशी बोलणारं माणूस हवं होतं. ते काम हिला मिळालं. निबंधावर डॉक्टरांच्या नावाखाली हिचं नाव येणार होतं. आणि युट्रेख्टच्या विद्यापीठातल्या एका बाईंनी शब्द दिला होता की हा निबंध छापून आला तर आमच्या संशोधनात तुला जागा देईन. इतक्या वर्षांनी पुन्हा आपल्या विद्येचं काम! हे सांगताना तिचा आवाज जरा खालीच गेला, दृष्ट लागेल अशा भीतीनं.

तेव्हा माझा संशय गेला. तिचा मात्र सुरू झाला होता, आणि तो आमच्यावरच.

झालं असं. तिथं येणाऱ्या डच बाया म्हणजे कजाग. आज सहा, पुढच्या आठवड्यात आठ. वर, "मागच्या वेळेपेक्षा वाईट आहे, आणि तुमची खोलीही गार आहे," असं सुनावायच्या. आपली माणसं मात्र, म्हणजे आमचे व्याही आणि आणखी दोघं-तिघं, देवळाच्या पायऱ्या उतरावं तशी उतरायची. आठ, सात, सहा. दर खेपेला बरोबर एकानं कमी. डॉक्टर चुंग खूश. श्रीनिवासरावांची हकीकत तर निबंधात पहिली घ्यायची ठरलेली.

मग एकदा आम्ही गेलो तर डॉक्टर तापानं घरी. सुया नाहीत, काही नाही. चित्रानं माफी मागितली आणि सवयीनं विचारलं, "आज किती, काका?"

"पाच," व्याही म्हणाले. आधीच्या आठवड्यात सहा होते.

तिचं पेन तिथंच थांबलं. "मागच्या सुयांनंतर सहा. आज सुई नाही, तरी पाच?"

"अहो, मागचाच गुण उतरत असेल हळूहळू."

"असेल," ती म्हणाली. "हा गोठलेला खांदा कधीकधी आपणहूनही सुटतो." पण तिनं ज्या नजरेनं व्याह्यांकडे पाहिलं ना, तशी नजर मी दूधवाल्याकडे बघणाऱ्या बायांचीच पाहिली आहे.

मला मात्र यातलं इंगित ठाऊक होतं. आमच्या गावी मोटरसायकलवरून एक डॉक्टर यायचे. आल्या आल्या विचारायचे, "काय, फरक?" आणि अख्खा गाव म्हणायचा, "हाय की!" एकाला तर बाजेवर घालून आणलेला, त्यानंही पडल्या पडल्या मान हलवली, "लई फरक." ज्यानं आपल्यासाठी एवढी यातायात केली, त्याच्या तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं? आपल्याकडे ही रीतच. पुण्यात शिकलं म्हणून ती सुटत नाही.

गणपती आले. तिथल्या मराठी मंडळींनी एक हॉल घेतला होता. आरती सुरू झाली, टाळ्या दणाणल्या. माझं लक्ष सहज चित्राकडे गेलं. बाई देवाकडे बघतच नव्हती! मूर्तीला जवळजवळ पाठ करून उभी, आणि डोळे लोकांवर फिरतायत. मी मनात म्हटलं, ही आता कुणाच्या मागावर? शेवटी "गणपती बाप्पा" झालं आणि "मोरया"ला सगळ्यांचे उजवे हात वर गेले. तेव्हा कळलं. ती खांदे बघत होती. आमच्या व्याह्यांनी वर केला तो डावा हात. उजवा पोटाशी. दवाखान्यात येणाऱ्या बाकीच्यांची तीच तऱ्हा. एकानं तर नुसतं कोपर हलवलं.

आरती संपल्यावर ती खिरापतीचं ताट घेऊन आली. माझ्यापुढे सरळ धरलं. व्याह्यांपुढे धरलं ते डोक्याएवढं उंच.

"घ्या ना काका."

"अगं, खाली कर की ताट."

"का हो? परवाच तीन म्हणालात. तीनवाल्याला एवढं पोचायला हवं."

व्याह्यांनी उजवा हात उचलला, छातीपर्यंत आणला आणि "आई गं!" म्हणून सोडून दिला. आजूबाजूचे दोघं वळून बघायला लागले. चित्रानं ताट खाली ठेवलं, त्यांना हॉलच्या एका कडेला नेलं. मी मागे गेलोच.

"खरं सांगा काका. किती?"

"तसं... सात. वाईट दिवशी आठ."

"म्हणजे पहिल्या दिवशी होतं तेवढंच! मग दर वेळी कमी का सांगत होतात?"

व्याही चिडले. "काय करू मग? तो सज्जन माणूस दर वेळी वाकून वाकून सुया टोचतो, स्वतः चहा देतो. त्याला तोंडावर सांगू, तुमचा काही उपयोग नाही म्हणून? काही रीतभात आहे की नाही?"

"बरं. काढा तरी घेतलात का?"

व्याही सदऱ्याची बटणं चाचपायला लागले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ते मीनलच्या कुंडीतल्या मनीप्लांटला विचारा. त्याला चांगला गुण आलाय."

"आबा!" व्याही ओरडले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अगं, त्यानं माझी प्रकृती तपासून सांगितलं, तुम्ही कोंबडी खा, जिनसेंगची मुळी घालून. मी पडलो शाकाहारी. मला शंका आली की त्या काळ्या पाण्यातही काही शिजवलं असेल, हरणाचं शिंग नाहीतर काय."

"विचारायचं होतं मला! त्यात सगळी मुळं आणि साली आहेत."

"विचारलं तर वाटलं असतं, संशय घेतोय म्हणून."

चित्रा कपाळाला हात लावून खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "काका, निबंध शुक्रवारी पाठवायचाय. पहिली हकीकत तुमची आहे. युट्रेख्टच्या बाईंना मी तुमचीच दाखवली होती."

व्याह्यांचा चेहरा उतरला. "मग राहू दे ना तसंच. मी कुणाला सांगणार नाही."

ती उठली आणि ताट उचलून खिरापत वाटायला गेली. मंगळवारी मात्र आम्हाला दवाखान्यात बोलावून घेतलं. व्याह्यांनीच डॉक्टरांना सांगायचं, असं तिचं म्हणणं. इंग्रजी मला फारसं येत नाही, पण तोंडं वाचता येतात. व्याह्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, मनीप्लांटसकट. डॉक्टर ऐकत राहिले, चेहरा दगडासारखा. तो दगडी चेहरा बघून आमच्या व्याह्यांना कणव आली, आणि शेवटी ते काय म्हणाले असतील? "पण डॉक्टर, थोडा फरक आहे हं!"

चित्रानं डोळेच मिटले.

डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे हे मला व्याह्यांनी ट्रॅममध्ये सांगितलं, की तुम्ही खरं कोणत्या दिवशी बोलता? मग ते चित्राकडे वळले. आता संशय तिच्यावर. ही दुसऱ्या विद्येची बाई, आमच्या विद्येला गुण आलेला हिला बघवत नाही, हिनंच म्हाताऱ्याला पढवलं असेल, असा काहीसा सूर. तिचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. एवढंच म्हणाली की आमच्या मराठी लोकांच्या सगळ्या हकिकती काढा. त्यांच्या आकड्यांत खांदा किती आणि रीतभात किती, हे मलाही सांगता येत नाही. नाहीतर माझं नाव काढा.

डॉक्टर उठले, किटली लावली, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. पाणी उकळून गार व्हायला आलं तरी चहा केला नाही. शेवटी वळून एवढंच म्हणाले, त्या हकिकती काढून टाका.

काढल्यावर उरल्या फक्त त्या कजाग डच बायांच्या हकिकती. त्यांत काहींना गुण होता, काहींना नव्हता. तेवढ्यावर निबंध होईना. शुक्रवार गेला. डॉक्टर काही दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले, मग स्वतःच म्हणाले, पहिल्यापासून सुरू करू. या वेळी आकडा सुया टोचणाऱ्यानं नाही, त्याच्या माणसानंही नाही, तिऱ्हाइतानं विचारायचा. शिवाय दर खेपेला हात किती वर जातो ते मोजायचं. पण त्याला वर्ष लागणार, आणि युट्रेख्टची जागा वर्षभर थांबणारी नव्हती. ती दुसऱ्या कुणाला मिळाली.

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही तिला भेटायला गेलो. व्याह्यांनी तिच्यासाठी पेढे नेले होते, पण ते द्यायलाच त्यांना लाज वाटत होती. त्यांचा खांदा तसाच होता. ती आम्हाला ट्रॅमच्या थांब्यापर्यंत सोडायला आली, सायकल हातात धरून. मला राहवेना. मी म्हटलं, "पोरी, एक विचारू? निबंधात दहा-बारा माणसं होती. त्यात आमच्या व्याह्यांचं एक खोटं खपून गेलं असतं. कोणी हुपरीहून तपासायला येणार होतं का? तुझी जागा तरी गेली नसती."

ट्रॅम वळणावर दिसायला लागली होती. तिनं सायकल खांबाला टेकवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, उद्या खरंच हात वर जात नसलेलं कुणीतरी ते छापलेलं वाचून, आशेनं, कुठून कुठून या दवाखान्यात येईल. आठ आठवडे सुया टोचून घेईल, तो काढा मनापासून पिईल, आणि तरी हात वर गेला नाही तर मलाच विचारेल ना, की माझंच असं का झालं? त्याला काय सांगू मी? की आमचे काका फार सभ्य होते हो?"