गौरीचा अंतरा

बायंडिंगवाल्यानं दोन-तीनदा फोन करून विचारलं, "मॅडम, मागच्या बाजूचं ते पान चुकून अर्धं कोरं राहिलंय. छापू का तसंच?" शेवटच्या वेळी माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "राहिलं न्हाय, ठेवलंय. छापा की!" तो म्हणाला, "न्हाय, मागनं लोकं मला बोलत्यात म्हणून विचारलं." त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं होतं?

त्या पानावर गौरी रागातली एक बंदिश आहे. बंदिशीचे दोन भाग, आधी स्थायी आणि मग अंतरा. माझ्या पानावर स्थायी आहे, स्वरलिपीसकट, एकेक मात्रा तपासून लिहिलेला. त्याच्याखाली काही नाही.

मी मूळची गडहिंग्लजची. कोल्हापुरात भाड्यानं राहते, शाळेत गाणं शिकवते. चाळिशीला टेकल्यावर संगीतात पीएच.डी. करायचं खूळ डोक्यात शिरलं. विषय घेतला तो जवळचा: ज्या गवयांचं नाव कधी कुठं छापून आलं नाही, त्यांच्या घरात राहून गेलेल्या बंदिशी. जवळचा म्हणजे किती, तर त्यातले मुख्य गवई माझेच बुवा. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी कॉलेजच्या वयापासून जाते. ही गौरी त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलेली. ती येणारे आणखी दोघं-तिघं होते, ते केव्हाच गेले. उरले बुवा. प्रबंधाचं अख्खं शेवटचं प्रकरण मी या एका बंदिशीवर बेतलं होतं.

बुवांची शिकवायची रीत ठरलेली. आधी नुसता स्थायी द्यायचा. तो गळ्यात बसेपर्यंत अंतऱ्याचं नावसुद्धा काढायचं नाही, आणि बसला की नाही हे तेच ठरवणार. कुठला स्थायी महिन्यात बसायचा, कुठल्याला वर्ष लागायचं. गौरीचा काही बसेना. अंतरा मागितला की म्हणायचे, "बघू उद्या." कोमल रिषभ केसभर वर गेला तरी तंबोरा आडवा ठेवायचे. "जा, भाजी आणाय जा आता. झालं गाणं आजचं." मी दारात चप्पल घालत असायची आणि आत त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, तोंडाला पदर लावून हसायच्या.

मोबाईल काढला तर अंगावरच यायचे. "मोबाईल गाणार हाय का तू गाणार हाईस?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून "वा" असा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही. लईच झालं तर "हं". त्या एका "हं"वर मी आठवडा काढायची.

बंदिशीचे शब्द साधेच. दिवस बुडाला, गाई घरी आल्या, दारात दिवा लागला, आणि तू अजून आला नाहीस. संपला स्थायी. तो येतो की नाही हे अंतऱ्यात. मी कधीतरी लाडात येऊन विचारायची, "येतो का ओ बुवा तो शेवटी?" ते म्हणायचे, "आधी स्थायी नीट म्हण. वाट बघाय येत न्हाय तुला, आनि आल्यावर काय करणार?"

मग एका उन्हाळ्यात, मी नुसता तंबोरा लावत असताना, ते आपणहून म्हणाले, "ठेव की तो मोबाईल. कर रेकॉर्डिंग. गौरीचा अंतरा घे आज." माझा कानांवर विश्वास बसेना. त्यांनी अंतरा सांगितला, मी घेतला. जिन्यातच आईला गावाकडं फोन लावला. आईला गाण्यातलं काही कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "का गं, बरं हाय न्हवं त्यांना?" मी इतकी चिडले की फोन ठेवून दिला.

पुढच्या वेळी तोच अंतरा घोकून गेले. बुवांनी मधेच थांबवलं. "हे कुठनं आणलंस?" म्हटलं, तुम्हीच दिला की परवा. "मी? मी कशाला असलं देईन?" म्हणाले आणि दुसराच अंतरा सांगितला. त्याच्या पुढच्या वेळी तिसरा. सूर गौरीचे, पण शब्द ओळखीचे वाटले, म्हणून घरी येऊन आठवत बसले. पहिल्या वर्षी त्यांनीच मला शिकवलेल्या भूप रागातल्या बंदिशीचे ते शब्द होते.

स्वयंपाकघरात वहिनींना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्हाला सांगणारच हुतो. मामंजी जेवून उठत्यात आनि मला म्हणत्यात, पोरी, जेवाय कवा वाढणार? काल तर मला इचारलं, तू कुणाची? डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार." आमच्याकडं बायकाही आलो, गेलो, हुतो असंच म्हणतात. माझ्या गाइड मॅडम पुण्याच्या, त्या मला अजून सुधारत असतात.

माझ्या मोबाईलमध्ये शेवटी चार अंतरे जमा झाले. एकात तो येतो. एकात येत नाही. एकात वाट बघता बघता उजाडतं, आणि एकाचा अर्थच लागत नाही. सहामाही अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेले एक सर चष्मा पुसत म्हणाले, "यातला प्रमाण पाठ कोणता?" मी म्हटलं, ठरवता येत नाही. "मग संशोधन कशाचं केलंत?" बैठक संपल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, चारातला एक निवड आणि मोकळी हो. बुवा तर सांगायला येणार नाहीत." त्या वाईट बाई नाहीत, मला मार्गी लावायला बघत होत्या. पण 'सांगायला येणार नाहीत' हे शब्द टोचत राहिले.

तरीही मी निवडला. ज्यात तो येतो, तो. चाल गोड होती, आणि खरं सांगायचं तर तो यावा असं मलाच वाटत होतं. म्हटलं, एकदा बुवांच्या कानावर घालू, त्यांनी मान हलवली की झालं.

दिवेलागणीला गेले. बुवा खुर्चीत होते. स्थायी म्हटला, मग तो अंतरा. बुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अख्खी उमर ज्या एका शब्दासाठी काढली तो असा, खुर्चीत बसल्या बसल्या मिळाला. पण मनात काहीतरी खुटखुटायला लागलं. मी दुसरा अंतरा म्हटला. "वा! बरोबर हाय." मग मी मुद्दाम रिषभ शुद्ध लावला, ढळढळीत. गौरीत असा रिषभ लावला तर शाळेतलं पोरगंसुद्धा कान धरेल. जीव मुठीत धरून मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. वाटत होतं, आता ओरडतील, आता भाजी आणायला पाठवतील. ओरडा की ओ बुवा, एकदा ओरडा! ते मान डोलवत होते. "वा! क्या बात है!"

वहिनी चहा घेऊन आल्या. "आज लई खुशीत हायत की," म्हणाल्या. मी चहा प्यायले. बाहेर पडून रंकाळ्याकडं चालत सुटले आणि कठड्यापाशी उभी राहून हुंदके देऊन रडले. भेळवाला बघत होता. बघू दे, म्हटलं.

घरी येऊन मी ते निवडलेलं खोडून टाकलं. मॅडम वैतागल्या. "निदान 'अंतरा उपलब्ध नाही' एवढं तरी लिही. कोरी जागा कशाला?" मी हटून बसले. उपलब्ध नाही असं लिहिलं म्हणजे शोध संपला. माणूस अजून खुर्चीत बसलेला आहे, श्वास घेतोय, आणि मी लिहू संपलं म्हणून? त्यांनी हात टेकले.

तोंडी परीक्षा झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाळेत फळ्यावर माझ्या नावाआधी डॉ. लागलं. मला काडीचा आनंद झाला नाही. जाड पुठ्ठ्याचा प्रबंध आणि पेढे घेऊन बुवांकडं गेले.

बुवा पार वाळले होते. मी पाया पडले तर पाय मागं घेतले. "या, पावणं, बसा. कुठलं म्हणायचं गाव?" म्हटलं, गडहिंग्लज. "लांबनं आलाय की." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहोजाहो केलं. प्रबंध त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांनी तो उचलून वहिनींकडं दिला. वहिनी डोळे पुसत आत गेल्या.

कोपऱ्यातला तंबोरा काढला, धूळ पुसली, लावला आणि गौरीचा स्थायी सुरू केला. बुवा ताठ बसले. कोमल रिषभावर मी जराशी वर गेले असेन, त्यांनी हाताचा तळवा खाली दाबला, पूर्वी दाबायचे तसाच. मी रिषभ खाली आणला. म्हणाले, "हं."

कसाबसा स्थायी पुरा केला आणि थांबले.

"पुढं?"

"पुढचं येत न्हाय, बुवा."

"का? मास्तरनं दिला न्हाय अंतरा?"

"न्हाय."

"कसला ओ तुमचा मास्तर!" बुवा खरंच रागावले. "एवढा झ्याक बसलाय स्थायी, आनि अंतरा दिला न्हाय? लई कंजूष माणूस दिसतोय."

"चांगले हायत ओ ते," मी म्हटलं.

"कशाचं चांगलं? असू दे. माझ्याकडं हाय तो अंतरा. मी देतो तुमास्नी."

पिशवीत मोबाईल होता. मी काढला नाही. "आता देता?" म्हणून विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. अंधारून आलं होतं.

"बघू उद्या," म्हणाले.

"येतो, बुवा," म्हटलं आणि चप्पल घातली.