सर्दीतली बस फुगडी

घाटकोपरच्या भटवाडीत फुगडी घालणाऱ्या बायकांचा एक गट आहे. बहुतेक जणी सिंधुदुर्गातून लग्न होऊन मुंबईत आलेल्या. त्यांचे सासरे गिरणीत होते, मुलं आता कुणी बँकेत, कुणी विमानतळावर कामाला. गणपती जवळ आले की या गटाला आमंत्रणं सुरू होतात आणि घराघरांतले पुरुष स्वतःचा चहा स्वतः करायला लागतात. गटाची प्रमुख शालन राणे. उभ्या फुगडीत तिच्यासमोर हात धरून फिरायला गेली कित्येक वर्षं एकच बाई, सुलक्षणा परब.

सुलक्षणा अंगाने बारीक आणि बोलायला फटकळ. नवरा दत्ताराम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, मुलगा सुबोध ठाण्याला राहायला गेलेला. चढावरच्या जुन्या बैठ्या घरात दोघंच असतात.

दोन वर्षांपूर्वी गौरीच्या जागराला बस फुगडी चालली होती. उकिडवं बसायचं, समोरचीचे हात धरायचे आणि एकदा डावा, एकदा उजवा पाय पुढे टाकत जागच्या जागी उड्या मारायच्या, ही बस फुगडी. सुलक्षणा बसली ती बसलीच. पाय उचलेनात आणि उठताही येईना. शेवटी दोन मुलींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. 

दत्तारामबरोबर चढ चढून आल्यावर दार उघडताना मात्र ती त्याला म्हणाली, "अहो, म्हातारी झाले का मी?"

"झालीस की," दत्ताराम म्हणाला. "मी पण झालोय. त्यात काय एवढं?"

हे उत्तर तिला मुळीच आवडलं नाही.

खाली रस्त्यावर पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर निधी सावंत नावाची मुलगी छोटीशी व्यायामशाळा चालवायची. गणपती विसर्जन झालं आणि पुढच्याच सोमवारी सुलक्षणा साडी खोचून तो जिना चढली. निधीने विचारलं, "काकी, वजन कमी करायचंय का?"

"कमी कुठून करू, आहे कुठे? मला खाली बसून उठता आलं पाहिजे. हात न टेकता."

निधीने तिला आधी स्टुलावर बसायला आणि उठायला लावलं. मग स्टूल बुटकं झालं, मग पाट आला, मग पाटही गेला. साडीच्या जागी पंजाबी ड्रेस आला. भिंतीला पाय लावून घोटे वाकवणं, जमिनीवर पडून खुबे फिरवणं, दांड्याला लोंबकळून पकड वाढवणं, असं सगळं सावकाश चालू राहिलं. पहिल्यांदा डंबेल उचललं तेव्हा सुलक्षणा म्हणाली, "यापेक्षा माझा कुकर जड आहे." पुढे जे उचलायला लागली ते मात्र दोन्ही हातांनी उचलताना दत्तारामच्या तोंडाला फेस आला असता. यंदाच्या श्रावणात ती उकिडवी बसून पाय टाकायला लागली, तेव्हा शालनने सगळ्यांसमोर जाहीर केलं की या वर्षी स्पर्धेत बस फुगडीला मधोमध सुलक्षणाच बसेल.

स्पर्धा गौरी-विसर्जनानंतरच्या रविवारी एका शाळेच्या सभागृहात होती. गणपतीच्या आरत्या चालू असताना सुबोधची धाकटी मुलगी ठाण्याहून नाक गळत आली आणि आजीच्या मांडीवर बसून मोदक खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी सुलक्षणाचा घसा खवखवायला लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाक चोंदलं, कानात कापूस घातल्यासारखं वाटायला लागलं.

"आज सरावाला जाऊ नको," दत्ताराम म्हणाला.

"नाही गेले तर अंगातलं सगळं उतरेल. दोन वर्षं घालवलीत मी त्यात."

तिने सर्दीची एक गोळी घेतली, डोळ्यांवर गार पाणी मारलं आणि मंडळाच्या खोलीत गेली. शालनने तिच्याकडे नीट बघितलं.

"गे सुलक्षणा, तुझे डोळे असे लाल कित्याक? बरा नाय तर सांग मा."

"कांदा चिरत होते," सुलक्षणा म्हणाली.

उभी फुगडी सुरू झाली. हातांची अढी घालून दोघी मागे रेलल्या आणि फिरायला लागल्या. दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसरीला सुलक्षणाला वाटलं की आपण थांबलोय आणि खोलीच फिरते आहे. भिंतीवरचं कॅलेंडर एकदा इकडून गेलं, एकदा तिकडून आलं. तिने पकड सोडली नाही, पण पाय भलतीकडे पडला. दोघी कोपऱ्यातल्या सतरंज्यांच्या ढिगावर जाऊन आदळल्या. शालन खाली आणि सुलक्षणा वर.

शालनची एक बांगडी फुटली होती आणि कोपराला खरचटलं होतं. ती सावकाश उठून बसली.

"कांदा चिरीत होतंस," ती म्हणाली.

सुलक्षणाने पदराने नाक पुसलं. "सर्दी आहे. गोळी घेऊन आले. कान बंद झालेत."

"मग आदी सांगूक काय झाला? सतरंजे नसते तर माझी कंबर मोडली असती."

सुलक्षणाने तिचा हात धरला, कोपरावरचं खरचटलेलं बघितलं आणि फुटलेल्या बांगडीचे तुकडे गोळा करायला लागली. शालनला तिचा राग फार वेळ धरता आला नाही. "जा घराक," ती म्हणाली. "झोप काढ. कल्पिताक उभी करून बघतंय."

कल्पिता गटातली सगळ्यात तरुण. माहुलच्या कोळीवाड्यातून लग्न होऊन भटवाडीत आलेली, फुगडी इथे येऊन शिकलेली, पण पाय असा हलका की बघत राहावं. तिनेच सुलक्षणाला रिक्षाने घरी सोडलं. "मावशी, मी फक्त तुमची जागा सांभाळतेय हां," असं ती वाटेत दोनदा म्हणाली. सुलक्षणा बाहेर बघत होती.

संध्याकाळी अंगात ताप आला. निधीचा फोन आला, तिला कल्पिताकडून कळलं होतं.

"काकी, उद्या तुम्ही इकडे यायचं नाही."

"अगं, पण रविवारी..."

"ऐका आधी. सर्दी नाकात आणि घशात असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप आला, अंग दुखायला लागलं, छातीत कफ उतरला, की सरळ झोपायचं. त्यात जोर केलात तर आठवड्याचं दुखणं महिनाभर जाईल. आणि इथे येऊन शिंकलात तर माझ्या सगळ्या बॅचची वाट लागेल."

"केलेलं सगळं जाईल गं."

"चार दिवसांत काही जात नाही. स्नायू म्हणजे साखर आहे का विरघळायला? ताप उतरला की मला सांगा, मग घरच्या घरी काय करायचं ते दाखवते. आणि ती गोळी घेऊन उड्या मारू नका. त्या गोळीने माणूस बसल्या जागी पेंगतो."

ताप असेपर्यंत सुलक्षणा खरोखरच पडून राहिली. दत्तारामने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. गवती चहा, आलं आणि काळीमिरी घालून त्याने असा काही काढा केला की पिऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाफ घ्यायला तिला टॉवेलखाली बसवून तो बाहेरून बातम्या वाचून दाखवायचा. कुळथाची पिठी मात्र त्याला छान जमली. गरम भातावर ती ओतून घेत सुलक्षणा म्हणाली, "एवढं येत होतं तर इतकी वर्षं गप्प का होता?"

"विचारलं नाहीस कधी," दत्ताराम म्हणाला.

ताप उतरला तशी निधी मास्क लावून घरी आली. दार उघडं ठेवून बाहेरच्या खोलीत तिने चटई घातली. उड्या नाहीत, जड वजन नाही. नेहमीच्या निम्म्या बैठका, त्याही दाराची चौकट धरून. हातात पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या. बाकी सगळं अंग मोकळं करण्याचं काम, घोटे, खुबे, पाठ, खांदे. एकच नियम तिने घालून दिला. बोलताना धाप लागली की थांबायचं.

"मला नाकाने श्वासच घेता येत नाही," सुलक्षणा म्हणाली.

"मग तोंडाने घ्या. पण सावकाश. घाई कुणाला आहे?"

घाई सुलक्षणालाच होती. निधी गेल्यावर तिने चौकट सोडून बैठका मारून बघितल्या, आणि लगेच खोकल्याची अशी उबळ आली की दत्ताराम भांडी टाकून धावत आला. त्याने तिला पाणी दिलं. मग स्वतःच चौकटीजवळ खुर्ची टाकून बसला. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ तो तिथे बसूनच राहायचा. तिचा श्वास वाढला की म्हणायचा, "बोल काहीतरी." ती म्हणायची, "काय बोलू?" आणि तेवढं धड बोलता आलं की तो मान हलवायचा.

आश्चर्य म्हणजे अंग सैल पडलं नाही. पाय जड होते, पण खाली बसताना खुबे कुरकुरत नव्हते. शनिवारपर्यंत डोकं हलकं झालं, खोकला तुरळक राहिला. कान मात्र बंदच होते. मान पटकन वळवली की जमीन किंचित कलल्यासारखी वाटायची.

शनिवारी संध्याकाळी ती शालनच्या घरी गेली. शालनने तिला बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली.

"उद्या उभी फुगडी कल्पिताला घेऊन कर," ती म्हणाली.

शालनला हे अपेक्षित नव्हतं. "अगो, पण तू बरी झालंस मा?"

"पायांनी बरी झाले. कान बंद आहेत अजून. फिरायला लागले तर परत तुला घेऊन पडेन. तिथे सतरंज्या नसणार. बस फुगडीत गरगर फिरायचं नसतं. ती मी करते. जमेल मला."

"खऱ्यान जमतला?"

शालनच्या बाहेरच्या खोलीत, फरशीवर, सुलक्षणा खाली उकिडवी बसली, एक-दोन-तीन पाय टाकले आणि हात मांडीवरही न ठेवता उठून उभी राहिली. मग खोकली. मग दोघी हसत सुटल्या.

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. गटाने हिरव्या नऊवारी नेसल्या होत्या. सुलक्षणाने कमरेला दोन रुमाल खोचले होते, एक कोरडा आणि एक वापरायचा. उभ्या फुगडीला शालन आणि कल्पिता पुढे झाल्या. कल्पिता मागे रेलली आणि दोघी अशा फिरल्या की पदरांची एकच हिरवी कड दिसायला लागली. सुलक्षणा बाजूला टाळ्या वाजवत होती. आपल्या जागेवर दुसऱ्या कुणाला इतकं सुंदर फिरताना बघून पोटात थोडं दुखलं, हे तिने नंतर दत्तारामला सांगितलं. पण तिच्या टाळीचा ताल चुकला नाही.

मग बस फुगडी आली. गाणं उचलायचं काम दरवर्षी सुलक्षणाचं, पण तिचा आवाज पार बसला होता. तिने तोंड उघडलं तर आतून कोंबड्याच्या पिलासारखं काहीतरी आलं. पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. कल्पिताने लगेच गाणं उचललं आणि सुलक्षणा मधोमध खाली बसली. समोर शालन, कोपराला पट्टी बांधलेली.

डावा, उजवा, डावा, उजवा. दोघी तोंडाने फू फू करत ताल धरत होत्या, आणि चोंदलेल्या नाकामुळे सुलक्षणाची फू सगळ्यात मोठी निघत होती. मध्येच शिंक आली. तिने ती मानेला झटका न देता खांद्यात दाबली आणि पाय चालूच ठेवले. श्वास वाढायला लागल्यावर तिने उड्या लहान केल्या. शालनला ते कळलं, तिनेही केल्या. गाणं संपलं तेव्हा शालन हात टेकून उठत होती. सुलक्षणाने तिचा हात धरून तिला वर ओढलं, कारण ती स्वतः तोवर उभी राहिली होती.

मागच्या रांगेतून दत्ताराम जोरात टाळ्या वाजवत होता. त्याच्या शेजारी मास्क लावून निधी उभी होती.

पहिलं बक्षीस कांजूरमार्गच्या गटाला गेलं, आणि ते योग्यच होतं, त्यांच्या मुलींनी सूप नाचवलं ते बघण्यासारखं होतं. भटवाडीला तिसरं मिळालं. मोठी स्टीलची कढई. ती कुणाच्या घरी ठेवायची यावर सभागृहाच्या पायरीवरच वाद सुरू झाला आणि शेवटी मंडळाच्या चहासाठी ठेवायची असं ठरलं. कढईत चहा कसा करणार, असं कल्पिताने विचारलं, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

शालनने गावाहून आलेला, आलं घातलेला गुळाचा खाजा पिशवीतून काढला आणि सगळ्यांना वाटला. सुलक्षणा पायरीवर बसून तो चावत होती. "गोड आहे की नाही, काही कळत नाही मला," ती म्हणाली. "नुसतं आलं लागतंय घशाला."

"मग दे इकडे," दत्ताराम म्हणाला.

तिने मूठ मिटली आणि शालनकडे अजून थोडा मागितला.