झनकलालने न दिलेली चावी

२००६ साल होतं आणि मी साठ वर्षांचा होतो. मी जन्मात कधी मनगटाला घड्याळ बांधलं नाही, तरी गोंदियाच्या भंगारबाजारात लोक मला घड्याळवाला म्हणत. कारण झनकलाल. त्याला कोणावर हात टाकायचा असला की तो आधी डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडायचा, माझ्याकडे न पाहताच हात मागे करायचा आणि म्हणायचा, "टेक्या, घड्याळ धर." एवढं ऐकून समोरचा पळाला तर वाचला.

मी तिसरी शिकलो. झनकलाल दुसरीतूनच उठला, आणि उठताना मास्तरच्या हातची छडी मास्तरच्याच पाठीवर मोडून उठला. मुर्रीच्या रस्त्यावर आम्हा दोघांचं भंगाराचं दुकान होतं. माल तो आणायचा, तराजू मी धरायचो. झनकलाल अंगाने बुटका, मान बैलाची, उजव्या हाताची दोन बोटं राइस मिलच्या मशीनने अर्धी नेलेली. तिरोड्याच्या एका व्यापाऱ्याने पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलं, तेव्हा झनकलालने पाच किलोचं वजन उचललं आणि शांतपणे त्याच्या पायाच्या बोटांवर सोडलं. नखं फुटली, चपलेत रक्त साचलं. तो माणूस ओरडत होता आणि हा त्याला समजावत होता, "बोलून का होते? हातानं सांगतलं का मानूस इसरत नाही."

आमच्याकडे बैल विकला तरी दावं विकत नाहीत. गिऱ्हाईक स्वतःचं दावं आणतो, आमचं आम्ही सोडून घरी ठेवतो. नाहीतर गोठ्यातली लक्ष्मी बैलामागे निघून जाते. झनकलालने ही रीत भंगारालाही लावली होती. हंडा विकला तर त्याची कडी ठेवून घ्यायचा, समई विकली तर वरचा मोर. गिऱ्हाईक कुरकुरला की म्हणे, "बैल नेलास ना? मंग दाव्यासाठी कायले रडून राहिलास?" अशा तुकड्यांची रांग दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना लटकत होती.

नेटचा नाद आम्हाला मीनाबाईने लावला. स्टेशनकडच्या गल्लीत तिचं चार कॉम्प्युटरचं कॅफे होतं. एकदा जुना पंखा विकायला आली आणि आमच्या ढिगातला पितळेचा अडकित्ता उचलून म्हणाली, "काका, ये किलो के भाव में दे रहे हो? नेटवर याचा लिलाव होतो. विलायतेचे लोक बोली लावतात." फोटो ती काढायची, इंग्रजी ती लिहायची. पैसे आधी नेटवरच्या खात्यात जमा होत, मग बँकेत येत. त्या खात्याला पॅनकार्ड लागायचं. ते माझ्याकडे होतं, झनकलालकडे नव्हतं. म्हणून खातं माझ्या नावाने निघालं, आणि खोटं कशाला सांगू, त्याची मला घमेंड होती.

बोली चढू लागली की झनकलाल खुर्चीवर उकिडवा बसायचा आणि शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी सोडल्यासारखा ओरडायचा, "चढ बे, चढ! मागं कायले पाहून राहिलास?" शेजारी अर्ज भरायला आलेल्या पोरी हसायच्या.

एक दिवस मीनाबाई दुसऱ्या लोकांचा माल दाखवत होती. झनकलाल एकदम उठला, खुर्ची मागे पडली. पडद्यावर एक घुंगुरमाळ होती. चौदा पितळी घुंगरांची, त्यातल्या एकाची जागा रिकामी, मधे तांब्याच्या तारेचा जोड. तो जोड त्याने स्वतःच्या हाताने घातला होता. "माही माळ व्हय गा टेक्या," तो म्हणाला. "एक घुंगरू पाडलं साल्यायनं."

त्या माळेची गोष्ट मला माहीत होती, कारण तेव्हाही घड्याळ माझ्याच हातात होतं. झनकलालची जोडी ती माळ घालून पटात धावायची. त्याच्या धाकट्या भावाने, पूरनने, न विचारता ती एका फेरीवाल्याला विकली. झनकलालने घड्याळ माझ्याकडे दिलं, पूरनला अंगणात ओढलं, त्याचा उजवा हात बैलगाडीच्या जुवावर आडवा धरला आणि वरून गुडघा मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मधे पडलो नाही. पूरन सालेकस्याला बायकोच्या गावी गेला तो गेलाच. हात वाकडाच बसला. भावाभावांत वीस वर्षं बोलणं नव्हतं.

"माळ भेटली का सालेकस्याले जातो," झनकलाल म्हणाला. "त्याच्या हातात देतो. भांडन जिथून उठलं तेच त्याच्या हातात देलं का खतम. खाली हातानं कसा जाऊ गा?" हे बोलताना त्याचा आवाज असा झाला होता की मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

लिलाव गुरुवारी दुपारी तीनला बंद होणार होता. विकणारा त्या नेटच्या खात्यातूनच पैसे घेणार होता, आणि आमच्या खात्यात पुरून उरतील एवढे पैसे पडले होते. नुकतंच एक मोठं जुनं पितळी कुलूप विलायतेला गेलं होतं, त्याचे.

मंगळवारी मीनाबाईने आम्हाला बोलावून घेतलं. "काका, कुलपाची चावी कुठे आहे?"

झनकलाल म्हणाला, "घरी हाये. खिळ्याले."

"फोटोत चावी होती. कुलूप पोचलं, चावी नाही. त्या माणसाने तक्रार केली. खातं बंद पडलं. ना घेता येणार, ना देता येणार."

"कुलूप देलं ना त्याले? दावं कोनी देते का?"

मीनाबाईने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, दोनच रस्ते आहेत. चावी पोस्टात टाका आणि पावतीचा नंबर कळवा. नाहीतर माफी लिहा, थोडे पैसे परत करा. "आज केलं तर परवापर्यंत खुलेल."

मी म्हणालो, "चावी पाठव."

तो म्हणाला, "लक्ष्मी जाते. तू माफी लिही."

"माझ्या नावानं माफी? चोरी तुझी आणि नाक माझं घासू? माझ्या बापाने कोणाची माफी मागितली नाही."

"चोरी म्हनतेस मले?"

मीनाबाई म्हणाली, "दोन ओळी लिहायच्या आहेत, काका. मी लिहिते, तुम्ही फक्त हो म्हणा." मी हो म्हटलं नाही. तो चावी आणायला उठला नाही. बुधवार असाच गेला. दुकानात तो एका कोपऱ्यात पत्रे ठोकत होता, मी दुसऱ्या कोपऱ्यात वजनं पुसत होतो, आणि चावी आमच्या दोघांच्या मधे भिंतीवर लटकत होती. मी ती उचलून पोस्टात टाकू शकलो असतो. पण ज्याची अडचण त्याने वाकावं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

गुरुवारी आम्ही दोघंही कॅफेत जाऊन बसलो. बोली फारशी चढलीच नाही. आम्हाला सहज झेपली असती. मीनाबाईने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा खातं बंद असल्याचं आलं. झनकलालने विचारलं, "ह्याची कॉलर कुठी हाये? ज्यानं बंद केलं त्याची?" ती म्हणाली, "कॉलर नहीं होती, काका." तीन वाजले. माळ दुसऱ्या कोणाची तरी झाली.

झनकलालने पडद्यावर बुक्की हाणली. काच तडकली, त्याच्या अर्ध्या बोटांतून रक्त गळू लागलं. मग तो उभा राहिला, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सवयीने हात मागे केला. "टेक्या, घड्याळ धर."

मी घड्याळ धरलं. तेव्हा तो वळला आणि माझ्याच तोंडावर बुक्की बसली. खालचे दोन दात जिभेवर आले. दुसरी बुक्की डोळ्यावर. माझा उजवा हात घड्याळाने अडकला होता, काच फुटेल म्हणून तो मी वर उचललाच नाही. डाव्या हाताने तराजूच्या दांडीसारखी एक दिली, ती त्याच्या नाकावर बसली आणि नाक एका बाजूला गेलं. आम्ही टेबलं पाडली. तो माझ्या छातीवर बसला आणि गळा धरून ओरडत होता, "दोन ओळी! दोन ओळीच लिहाच्या व्हत्या ना बे!" मीनाबाईने स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. "बाहर निकलो! दोनों! मर जाओगे तो पुलिस मेरे यहाँ आएगी!"

गल्लीत आम्ही दोघं भिंतीला टेकून रक्त थुंकत बसलो. मग तो उठून एकीकडे गेला, मी दुसरीकडे. घरी आल्यावर पाहिलं तर घड्याळ माझ्या मुठीतच होतं.

दुकान फुटलं. तराजू मी घेतला, माल त्याने. तो घड्याळ मागायला आला नाही. मी द्यायला गेलो नाही. चार वर्षं रोज सकाळी मी घड्याळाला किल्ली दिली, कारण ते बंद पडलं असतं तर तो म्हणाला असता, तुले घड्याळही धरता नाही आलं. सालेकस्यालाही तो गेला नाही. खाली हाताने कसा जाणार?

२०१० साली भर दुपारी तो एका ट्रक ड्रायव्हरशी भांडला. पाहणारे सांगतात, त्याची बोटं डाव्या मनगटाकडे गेली, रिकाम्या मनगटावर जरा फिरली, त्याने मागे वळून पाहिलं आणि तो खाली बसला. पुन्हा उठला नाही.

मसनात पूरन आला होता. त्याने वाकड्या हाताने अग्नी दिला. मग माझ्याजवळ आला आणि खिशातून काहीतरी काढून तळहातावर धरलं. पितळेचं एक घुंगरू होतं.

"माळ विकली तवा हे ठेवून घेतलं व्हतं, भाऊ," तो म्हणाला. "घरची रीत. दादाले सांगाचं व्हतं, पर त्याच्या आंधीच हात मोडला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळाला किल्ली दिली आणि झनकलालच्या घरी गेलो. पूरन अंगणात बसला होता. मी घड्याळ त्याच्या वाकड्या हातात ठेवलं. ते चालू होतं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पट्टा कुठी हाये, भाऊ?"

पट्टा मी घरीच सोडून आलो होतो. भिंतीवर, खिळ्याला.